साठ सेकंदांची नदी

१

ज्योतीरामला नदी भेटायची ती फक्त गुरुवारी. आपल्या या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. रविवारी सगळं जग बागेत भेळ खात हिंडतं, तेव्हा हा गडी चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत तपासणीच्या टेबलापाशी मापाचा व्हर्नियर घेऊन उभा. बावीस वर्षं झाली. पार्ट उचलायचा, जबड्यात धरायचा, आकडा वाचायचा, पास नाहीतर रिजेक्ट.

गुरुवारी मात्र तोच माणूस गळ्यात हँडीकॅम अडकवून निघायचा. आता पिंपरी-चिंचवडात निसर्ग शोधायचा म्हणजे चेष्टा नाही राव! डावीकडं पत्र्याची शेड, उजवीकडं टॉवर, मधेच कुण्या दादाच्या वाढदिवसाचं होर्डिंग. हे सगळं कापत कापत जे उरेल तेवढी फ्रेम. ती सापडली की कॅमेऱ्याची तिवई रोवायची, बटण दाबायचं आणि साठ सेकंद श्वाससुद्धा जपून घ्यायचा. साठ म्हणजे साठ. एकोणसाठ झाले तर क्लिप रिजेक्ट. शेजारपाजारचे म्हणायचे, "भाऊ, मोबाईलवर चांगलं येतं की आता." हा म्हणायचा, "मोबाईलवाला माणूस थांबत नाही."

जानेवारीतल्या एका गुरुवारी तळवड्याच्या मागं इंद्रायणीकाठचं शूटिंग आटोपून तो स्कूटरवरून परत येत होता. मागं तनुजा, त्याची बायको. तारेवर खंड्या दिसला. "अगं बघ, बघ!" म्हणत यानं मान वळवली आणि पुढचा स्पीडब्रेकर त्याला दिसलाच नाही. तनुजा उडून पाठीवर पडली. मणका मोडला, ऑपरेशन झालं, स्क्रू बसले. ज्योतीरामला खरचटलंसुद्धा नाही, आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

२

कासारवाडीत रेल्वेलाइनच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. मुलगी लग्न होऊन नगरला गेलेली. हॉलमध्ये तनुजाचा पलंग लावला. ज्योतीराम पहाटे पहिल्या शिफ्टला गेला की खालच्या मजल्यावरच्या सोजरमावशी येऊन बसायच्या. त्यांचे मालक एका जुन्या कंपनीतले कामगार, जाऊन दहा वर्षं झाली. मावशींना तनुजा लेकीसारखी.

दीड महिन्यानं डॉक्टर म्हणाले, आता उठवा. पण तनुजा उठेना. व्यायाम करून घ्यायला करिष्मा नावाची मुलगी यायची, हसरी, कामाला चोख. ती ज्योतीरामला जिन्यात गाठून म्हणाली, "काका, हाड जुळलंय. भीती बसलीय त्यांच्या मनात. आता नाही उठल्या तर पाय कायमचे जातील हं."

हे ऐकल्यापासून त्याचं जेवण गेलं. आणि तनुजा आपली छताकडं बघत पडलेली, पाणीबिणी हवं असलं की नुसती दोन बोटं हलवून त्याला बोलवणारी. "पंख्याचे डाग मोजून झाले. आता काय मोजू?" असं एकदा म्हणाली, तेही रागानं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग त्यानं पेनड्राइव्हवर त्या अपघाताच्या दिवशीचीच नदीची क्लिप टाकून टीव्हीला लावली. वळणाचं पाणी, काठावरची पायवाट, लांब एक बाभूळ, एक बगळा. तनुजा बघत राहिली. पण टीव्ही क्लिप परत सुरू करताना मधे एक सेकंद काळा व्हायचा. दर मिनिटाला एकदा.

"अहो, हा मेला सारखा डोळा मारतोय मला," ती म्हणाली. "बंद करा ते."

बंद करतोय होय! ज्योतीराम मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर बसला. क्लिप साठ सेकंद सरळ लावली, तिच्या शेपटाला तीच साठ सेकंद उलटी, मग परत सरळ, परत उलटी. जिथून संपते तिथूनच मागं फिरते, मग सांधा दिसणार कुठून? अशी जोडून जोडून दहा तासांची फाइल केली. काळा सेकंद कुठंच नाही. रात्री टीव्ही बंद केला तरी सकाळी फाइल थांबली होती तिथूनच पुढं सुरू व्हायची. उलट्या भागात पाणी वर चढायचं आणि बगळा मागच्या मागं चालायचा. तो बगळा बघून तनुजा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली हो! ज्योतीराम स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून रडला.

३

आठवडाभरानं, दुपारी साडेतीनला तो शिफ्टहून आला तर तनुजा म्हणाली, "ती बाई कोण हो?"

"कुठली बाई?"

"ती काय. बाभळीपाशी."

त्यानं चष्मा लावला. पायवाटेवर, पार लांब, पाठमोरी एक बाई चालली होती. शूटिंगच्या वेळी कुणी नव्हतं, असं त्याला वाटलं. पण असेल. साठ सेकंद तो पाण्याकडंच बघत होता. नदीकाठी बाई चालणार नाही तर काय विमान चालणार?

"असेल कुणीतरी तळवड्याची," म्हणत त्यानं चहाचं आधण ठेवलं आणि कप घेऊन परत येऊन बसला. क्लिप उलटी फिरली. बगळा मागं मागं गेला. पाणी वर चढलं. आणि ती बाई तोंड इकडं करून, सरळ चालत, पायवाटेनं येऊ लागली.

त्यानं दोन घोट घेतले, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. जाताना पाठमोरी असेल तर उलट्या भागात ती पाठमोरीच मागं सरकत यायला हवी. बगळ्यासारखी. इथं सगळं उलटं चाललंय आणि हीच एक सरळ?

"तनू, ही कधीपासून दिसतेय?"

"तीन-चार दिवस झाले की. एकटीच असते बिचारी."

४

ज्योतीराम काही भुताखेतांना घाबरणारा माणूस नव्हे. त्याचा विश्वास आकड्यावर. फाइल जोडताना दुसरी एखादी क्लिप मिसळली असेल, असं म्हणून त्यानं लॅपटॉपवर मूळ क्लिप तपासली. बाई होती, पण फक्त पाठमोरी. तीच क्लिप उलटी लावून पाहिली. बाई पाठमोरीच मागं सरकली, अगदी शहाण्यासारखी. मग टीव्हीवरच काय होतंय?

त्यानं पिशवीतून स्वतःचा व्हर्नियर काढला, टीव्ही जिथून उलटा फिरतो तिथं थांबवला आणि पडद्यावरची बाई डोक्यापासून पायापर्यंत मोजली. अकरा पूर्णांक दोन मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी त्याच जागी थांबवून मोजली, तर बारा पूर्णांक नऊ. तिसऱ्या दिवशी सोळा.

टीव्हीचं सेटिंग बदललं असेल, चित्र मोठं झालं असेल. म्हणून त्यानं बाभूळही मोजली. चौऱ्याऐंशी. रोज चौऱ्याऐंशीच. बाभूळ पास. बगळा पास. बाई तेवढी रिजेक्ट.

"काय मोजताय तुम्ही?" तनुजानं विचारलं.

"काही नाही गं. टीव्हीची काच बघतोय."

सोजरमावशींना त्यानं आडून विचारलं, तर त्या टीव्हीकडं पाठ करून मेथी निवडत होत्या. "मी न्हाई बघत बाबा ते. उलटं पाणी बघून गरगरतं मला. तिला आवडतंय ना, मग राहू दे की." पण त्यांची खुर्ची आधी पलंगाजवळ असायची. आता ती दाराजवळ होती.

५

आणि नेमक्या त्याच आठवड्यात तनुजाचे पाय हलायला लागले.

करिष्मानं स्वतः फोन करून सांगितलं. "काका, आज त्यांनी दोन्ही टाचा उचलल्या! काय जादू केली हो तुम्ही?" ज्योतीराम कंपनीत मशीनच्या आवाजात एक कान दाबून उभा होता. त्याला आनंद झाला, आणि त्याच वेळी बाई आज किती मिलिमीटर झाली असेल हेही तो मनात मांडू लागला.

घरी येऊन पाहिलं तर तनुजा टीव्हीकडं नजर लावून चादरीखाली पाय हलवत होती. डावा, उजवा. पडद्यावरच्या बाईचं पाऊल पडलं की हिचं पडायचं. "ती चालली की मला चालावंसं वाटतं," ती म्हणाली. "भीती नाही वाटत मग."

"रोज जवळ येतेय ती, तनू. तुला कळतंय का?"

"येऊ दे की. कुणी तरी येतंय म्हणायचं."

हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्यानं तो पेनड्राइव्ह काढून कपाटात टाकला आणि पवना धरणाचं शूटिंग लावून गेला. दुपारी परत आला तर मावशी तनुजाचे पाय चोळत बसलेल्या. पाय बर्फ. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. करिष्मा येऊन गेली होती. टाचाच काय, आज अंगठासुद्धा हलला नव्हता.

"मधेच सोडलंत तुम्ही तिला," तनुजा छताकडं बघत म्हणाली. "वाटेत. आणि मलापण."

ज्योतीरामनं पेनड्राइव्ह परत लावला. खरं सांगायचं तर त्या क्षणी बाई कोण, कुठली, याची त्याला पर्वा नव्हती. बायको उभी राहिली पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी घरात काहीही यायचं असेल तर येवो, असं तो मनात म्हणाला. आणि म्हटल्यावर लगेच आपण असं म्हणायला नको होतं, असंही त्याला वाटलं.

६

बाई मोठी होत गेली. चाळीस. एकाहत्तर. एकशे अठरा. दीडशेच्या पुढं व्हर्नियर उघडेना, तेव्हा तो शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन बसला.

चेहरा दिसत नव्हता. सूर्य तिच्या मागं होता, त्यामुळं डोक्याच्या जागी नुसता अंधार. पण चालणं ठळक दिसायचं. उजवा हात मोकळा हलणारा आणि डावा तळवा कमरेवर घट्ट दाबलेला. घाई नाही, थकवा नाही. क्लिप सरळ असताना ती पाठ फिरवून थोडी लांब जायची, उलटी झाली की गेली होती त्याहून दोन पावलं जास्त पुढं यायची.

का? ज्योतीराम आंघोळ करताना विचार करायचा, कंपनीच्या बसमध्ये विचार करायचा. टेबलावर त्याच्या हातून एक वाकडा पार्ट पास झाला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तो पार्ट परत आलेला बघतानाच त्याच्या लक्षात आलं. सुरुवातीला, तो काळा सेकंद होता तेव्हा, बाई कुठं दिसत होती? दर मिनिटाला क्लिप तुटायची आणि पहिल्यापासून सुरू व्हायची. ती दोन पावलं पुढं आली असेल तरी परत मूळच्या जागी जात असेल. आपणच तो सेकंद काढला. आपणच तिला न तुटणारी वाट करून दिली.

हे त्याला स्वतःलाही वेड्यासारखं वाटलं. तरी त्या दुपारी त्यानं लॅपटॉपवर नवी फाइल करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. नदी तीच, बाभूळ तीच, फक्त दर मिनिटाला मधे एक काळा सेकंद. तनुजाला नदी मिळेल, आणि बाई मागं जाईल. पाय पुन्हा गार पडले तर? तर बघू, हळूहळू करू, आपण स्वतः धरून चालवू तिला. इतके दिवस हे आपण केलंच कुठं? नदी लावून दिली आणि मोजत बसलो.

सकाळी निघताना बस चुकायची वेळ झाली. बूट घालता घालता त्यानं टीव्ही लावला, "येतो गं," म्हणाला आणि जिना उतरला. चाकणला टेबलापाशी पोचल्यावर पेनासाठी खिशात हात घातला, तर नवा पेनड्राइव्ह हाताला लागला. टीव्हीला जुनाच होता.

७

एक वाजता मावशींचा फोन आला. "उठली रे बाबा! उठली! आपल्या पायानं उठून उभी राहिली!"

ज्योतीरामनं गेटपास घेतला आणि मिळेल त्या बसनं निघाला. बसमध्ये तो उघड उघड रडत होता, शेजारच्यानं सरकून जागा दिली. पेनड्राइव्ह, बाई, काळा सेकंद, सगळं त्या आनंदात वाहून गेलं. उभी राहिली! बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

मावशी जिन्यात बसल्या होत्या, पायात चपला घालून.

"इथं का बसलाय? आत चला की!"

"न्हाई रे." त्यांनी पदर आवळला. "आता तिला जमतंय. माझं काय काम."

"काही बोलली का तुम्हाला?"

"'या आता बाई,' म्हणाली. बारा वर्षं झाली ज्योतीराम, मला तिनं मावशीशिवाय हाक मारली नाही कधी."

त्यानं दार ढकललं. टीव्ही बंद होता. पलंगावरची चादर नीट घडी घातलेली. स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला आणि तनुजा चहा घेऊन बाहेर आली. एका हातात ट्रे, चालणं सरळ, मऊ, जराही अडखळणं नाही. डावा तळवा कमरेवर.

"बसा ना," ती म्हणाली. "दमलात."

तीच होती. तेच डोळे, हनुवटीवरचा तोच तीळ. त्यानं ट्रे बाजूला ठेवला, तिला पलंगावर बसवलं आणि तिच्या पायाशी बसून पाय मांडीवर घेतले. तीन महिने रोज संध्याकाळी त्यानं हे तळवे तेलानं चोळले होते. अंथरुणात पडून पडून ते लहान बाळासारखे मऊ झाले होते. आज त्याचा अंगठा खरखरीत भेगांवरून फिरला. टाचा दगडासारख्या. अनवाणी, फार लांबून चालत आलेल्या माणसाच्या.

"काय बघताय?"

"काही नाही," तो म्हणाला. "दुखत नाही ना?"

"छे. आता काहीच दुखत नाही." ती हसली. "ती नदीची क्लिप पुसून टाका हां. कॅमेऱ्यातली पण. काय करायची आता?"

८

"बघतो," म्हणून तो हँडीकॅम घेऊन बाल्कनीत आला आणि मागचं दार ओढून घेतलं. पावणेतीनचं कडक ऊन. खालून लोणावळ्याकडं जाणारी गाडी धडधडत गेली आणि तिच्याबरोबर रेलिंग थरथरलं. त्यानं कॅमेऱ्याची छोटी काच उघडली, मूळ क्लिप काढली आणि बटण दाबलं.

पाणी सरळ वाहत होतं. बगळा पुढं चालत होता. पायवाट बाभळीपर्यंत मोकळी, त्यावर कुणीही नाही. बरं वाटावं असंच चित्र होतं. पण त्याच्या डोळ्याला बावीस वर्षांची सवय. कुठं काही जास्तीचं असेल तर तो डोळा तिथंच जाऊन थांबायचा.

बाभळीच्या बुंध्याशी गवतात निळं काहीतरी होतं. त्यानं काच नाकाशी आणली. निळ्या कपड्यावर पांढरी बारीक फुलं. सकाळी निघताना तनुजाच्या अंगात तोच गाऊन होता. कुणीतरी उताणं पडलं होतं, आभाळाकडं तोंड करून, आणि हालत नव्हतं. मग एक हात गवतातून थोडासा वर आला. दोन बोटं हलली. तनुजाची हाक मारायची ती सवय त्याला पाठ होती.

"अहो," दाराच्या पलीकडून तनुजा म्हणाली. "झाली का पुसून?"

ज्योतीरामच्या बोटाखाली पुसायचं, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह होतं. पुसलं तर गवतातलं ते कुठं जाईल? आणि नाही पुसलं तर?

"झाली," तो म्हणाला.

पावलं आली. दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहिली, डावा हात कमरेवर, आणि तिनं उजवा हात पुढं केला.

"बघू."

त्यानं हँडीकॅम छातीशी धरला. काच मिटायची राहिली होती आणि क्लिप अजून चालूच होती. छोट्या स्पीकरमधून नदीचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात, अगदी क्षीण, कुणीतरी म्हणालं, "अहो, पाणी द्या ना."